ग्लिसरीन : एका गोड नावाचा इतिहास

काही वस्तू आपल्या घरात इतक्या मुकाट्याने वावरतात की त्यांना काही इतिहास असेल, असे आपल्या मनातही येत नाही. ग्लिसरीन ही त्यांपैकीच एक. डिसेंबरच्या थंडीत ओठ फुटू लागले, टाचांना भेगा पडू लागल्या, की कपाटातली ती छोटी बाटली बाहेर निघते. तिच्यात गुलाबपाणी मिसळले जाते आणि उन्हाळा लागला की बाटली पुन्हा कपाटात जाते. तोंड आले तर बोरो-ग्लिसरीन. घसा धरला तर डॉक्टर बोळ्याने आत लावतात त्या तपकिरी औषधातही ग्लिसरीन. तान्ह्या बाळाला शौचास होईना तर जी इवलीशी कांडी आणावी लागते तीही ग्लिसरीनचीच. नाताळच्या केकवर साखरेचे पांढरे कवच चढवणाऱ्या आमच्या भगिनींना ठाऊक असते की त्यात चमचाभर ग्लिसरीन घातले नाही तर ते कवच दगडासारखे होते आणि सुरीला दाद देत नाही. धर्मग्रामाच्या कचेरीतील शिक्क्याचे पॅड लवकर सुकत नाही, त्याचेही श्रेय बहुधा यालाच. नाटक-सिनेमातील अश्रूंविषयी तर बोलायलाच नको.

गुरुविद्यालयात नव्या कराराची ग्रीक भाषा शिकताना ‘ग्लुकुस’ हा शब्द प्रत्येक विद्यार्थ्याच्या नजरेखालून जातो. ‘ग्लुकुस’ म्हणजे गोड. प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायात संत योहान देवदूताच्या हातातील लहानशी गुंडाळी खातो. ती तोंडात मधासारखी गोड लागते आणि पोटात गेल्यावर कडू होते. तेथील ‘गोड’ तो हाच. संत याकोबाने आपल्या पत्रात एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी कसे निघेल असे विचारले आहे, तेथेही हाच शब्द. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रेषितांची थट्टा करणाऱ्यांनी ज्या ताज्या द्राक्षारसाचे नाव घेतले तो ‘ग्लेउकोस’ याच कुळातला. ग्लुकोज, ज्येष्ठमधाचे शास्त्रीय नाव ग्लिसिरायझा म्हणजे ‘गोड मूळ’, आणि आपले ग्लिसरीन ही सारी एकाच घरची भावंडे. मराठीत ते मूळ नावानेच रुळले. हे नाव चवीवरून पडले आहे आणि माणसाला या पदार्थाची पहिली ओळख पटली तीही जिभेवर. जिभेची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हा प्रश्न मात्र या इतिहासात वारंवार उभा राहतो, आणि तो आपल्या मुंबईतही एकदा फार भयंकर रीतीने उभा राहिला. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

ही वस्तू प्रथम ज्याच्या हाती लागली तो कार्ल विल्हेल्म शेले स्वीडनमध्ये औषधविक्याचा व्यवसाय करणारा एक अबोल मनुष्य होता. प्राणवायूचा शोध त्याने प्रीस्टलेच्याही आधी लावला होता. पण ग्रंथ छापून यायला उशीर झाला आणि मान दुसऱ्याकडे गेला. त्या काळी औषधाच्या दुकानात जखमांवर लावायचा एक लेप तयार करीत. ऑलिव्हचे तेल, मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचा एक ऑक्साइड, आणि पाणी एकत्र उकळले की तो लेप बने. लेप काढून घेतल्यावर उरलेले पाणी फेकून देण्याची सर्वत्र प्रथा होती. शेलेने १७७९ साली ते फेकले नाही, आटवले. खाली पाकासारखा दाट, रंगहीन द्रव राहिला. त्याने तो चाखला, आणि तो गोड निघाला! इतर तेले आणि चरबी घेऊन त्याने तोच प्रयोग केला. गोडवा तेथेही होताच. त्याने त्याला ‘तेलातील गोड तत्त्व’ म्हटले. शेलेला प्रत्येक नवा पदार्थ जिभेवर ठेवून पाहण्याची सवय होती आणि त्याचे पदार्थ नेहमीच ग्लिसरीनसारखे निरुपद्रवी नसत. तो त्रेचाळिसाव्या वर्षी वारला. या सवयीनेच त्याचा घात केला असावा, असे पुढे अनेकांनी लिहिले आहे.

तो वारला त्याच वर्षी, १७८६ साली, फ्रान्समधील आंझे या गावी मिशेल यूजेन शेव्ह्रल यांचा जन्म झाला. ‘ग्लिसरीन’ हे नाव त्यांनी दिलेले. १८११ च्या सुमारास डुकराच्या चरबीपासून केलेल्या साबणाचे पृथक्करण करताना ते या विषयाकडे वळले आणि पुढची बारा वर्षे चरबीखेरीज त्यांना दुसरे सुचले नाही म्हटले तरी चालेल. १८२३ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोवर साबण कसा करतात हे जगाला हजारो वर्षे ठाऊक होते. मलाखी संदेष्ट्यानेही धोब्याच्या खाराची उपमा दिली आहे. पण साबण होतो म्हणजे नेमके काय होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेव्ह्रल यांनी दाखवून दिले की तेल किंवा चरबी हा एकसंध पदार्थ नाही, ती जोडणी आहे. एका खुंटीला तीन दोर बांधावेत तशी ती असते. दोर म्हणजे निरनिराळी स्निग्धाम्ले आणि खुंटी म्हणजे ग्लिसरीन. खार घालून उकळले की दोर सुटतात आणि खाराशी जाऊन मिळतात. तो झाला साबण. खुंटी मोकळी होऊन पाण्यात उतरते. शंभर किलो तेलातून साधारण दहा किलो ग्लिसरीन निघते. खोबरेल असो, एरंडेल असो, बैलाची चरबी असो की लोणी असो, खुंटी तीच. (ही खुंटी खरोखरच तीन टोकांची आहे, हे मार्सेलें बेर्तलो यांनी १८५० नंतरच्या दशकात सिद्ध केले.)

शेव्ह्रल १८८९ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी निधन पावले. फ्रेंच राज्यक्रांती त्यांनी बालपणी पाहिली आणि आयफेल मनोरा उभा राहताना म्हातारपणी पाहिला. ते कॅथोलिक होते आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. विज्ञान आणि श्रद्धा यांचे भांडण असलेच पाहिजे असे मानण्याची ज्या शतकात फॅशन होती, त्या शतकात ते उणेपुरे शंभर वर्षे जगले, एवढे येथे नमूद करणे पुरे.

या शोधाचा पहिला फायदा मात्र ग्लिसरीनला झाला नाही, मेणबत्तीला झाला. आणि हा भाग आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटावा. त्या काळी युरोपातील गरिबाच्या घरी चरबीची मेणबत्ती जळत असे. ती मऊ पडे, ओघळे, धूर करी, आणि विझवताना खोलीभर उग्र वास सोडी. हा वास ग्लिसरीनचा प्रताप. ग्लिसरीन अति तापले की त्यापासून ॲक्रोलिन नावाचा डोळ्यांत पाणी आणणारा वायू सुटतो; कढईतले तेल जळून धूर येऊ लागला की नाकाला झोंबते तेही तेच. शेव्ह्रल यांनी विचार केला, चरबीतून ग्लिसरीन आणि पातळ स्निग्धाम्ले काढून टाकली तर उरलेल्या कठीण भागाची मेणबत्ती का करू नये? १८२५ साली गे-ल्युसॅक या सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाच्या भागीदारीत त्यांनी त्याचे पेटंट घेतले. धंदा म्हणून ते दोघांनाही साधले नाही. पण १८३० नंतर दुसऱ्यांनी तीच कल्पना उचलली आणि स्टिअरिनची पांढरी, ताठ, बिनवासाची मेणबत्ती सामान्य माणसाच्या घरी आली. संध्याकाळनंतर वाचणे, शिवणे, आजाऱ्याजवळ बसणे ज्यांना कधी परवडत नव्हते त्यांना ते परवडू लागले.

पवित्र मंदिरात मात्र या नव्या मेणबत्तीला सहज प्रवेश मिळाला नाही. वेदीवर मधमाश्यांच्या मेणाचीच मेणबत्ती हवी, अशी ख्रिस्तसभेची जुनी परंपरा. पास्काच्या रात्री गायिल्या जाणाऱ्या प्रकाशगौरवात मधमाशीच्या श्रमाचा आदराने उल्लेख येतो, तो याच परंपरेतून. स्टिअरिन स्वस्त झाले तसे प्रश्न रोमपर्यंत गेले. १९०४ साली विधिविषयक मंडळाने उत्तर दिले की पास्काची मेणबत्ती आणि मिस्साबलीच्या दोन मेणबत्त्या यांत मधमाश्यांच्या मेणाचा भाग सर्वाधिक असावा. वेदीवरील बाकीच्या मेणबत्त्यांत तो निम्म्याहून अधिक किंवा निदान बऱ्याच प्रमाणात असावा. आमच्या मते या निर्णयात मोठे व्यावहारिक शहाणपण होते. गोरगरीब मिशन-केंद्रांची अडचण त्याने ओळखली आणि परंपराही सोडली नाही. द्वितीय व्हॅटिकन महासभेनंतर हे नियम आणखी शिथिल झाले.

मेणबत्तीवाल्यांनी आणि साबणवाल्यांनी वेगळे काढलेल्या ग्लिसरीनचे काय झाले? बहुतांशी ते गटारात गेले. १८५४-५५ च्या सुमारास लंडनच्या प्राइस मेणबत्ती कंपनीने वाफेच्या साह्याने ते शुद्ध करण्याची युक्ती काढली, तेव्हा ते औषधाच्या दुकानात मानाने जाऊ लागले. त्याचा एक गुण डॉक्टरांना फार आवडला. ते हवेतील ओलावा ओढून घेते आणि धरून ठेवते. सुकत नाही, खवट होत नाही, पाण्यात आणि मद्यार्कात सहज मिसळते आणि कित्येक औषधे आपल्यात विरघळवून घेते. येथे गृहिणींसाठी जाता जाता एक सूचना : निव्वळ ग्लिसरीन त्वचेला चोळले तर ते बाहेरचा ओलावा ओढण्याऐवजी त्वचेतलाच ओढते आणि चुरचुरते. गुलाबपाणी मिसळण्याची आजीबाईंची रीत शास्त्राला धरूनच होती.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ग्लिसरीनचा इतिहास लिहिण्याचे कोणाला कारण पडले नसते. पण १८४७ साली इटलीतील तोरीनो येथे आस्कानियो सोब्रेरो या प्राध्यापकाने थंड केलेल्या नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात थेंब थेंब ग्लिसरीन सोडले. खुंटीच्या तीन टोकांना आता स्निग्धाम्लांऐवजी नायट्रिक आम्ल जाऊन बसले. पिवळसर, तेलकट द्रव मिळाला. त्यानेही तो जिभेला लावून पाहिला! गोड, आणि पाठोपाठ डोके फोडणारी वेदना. हे नायट्रोग्लिसरीन. त्याचा थेंब तापवला की कानठळ्या बसवणारा स्फोट होई. अशाच एका स्फोटात सोब्रेरोच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण उठले. हा पदार्थ माणसाच्या हाती देण्याजोगा नाही, असे त्याचे ठाम मत झाले. पुढे स्फोटांत मेलेल्यांची संख्या ऐकून, आपण त्याचे जनक आहोत हे सांगायची लाज वाटते, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले.

ज्याने ते माणसाच्या हाती दिले त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. आल्फ्रेड नोबेल याने खडक फोडण्यासाठी नायट्रोग्लिसरीनचा उपयोग सुरू केला. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोमजवळील त्याच्या कारखान्यात स्फोट झाला आणि त्याचा धाकटा भाऊ एमिल व इतर काही जण प्राणास मुकले. नोबेल थांबला नाही. एका सच्छिद्र मातीत ते द्रव जिरवले तर साध्या धक्क्याने सहसा फुटत नाही, डिटोनेटर लावल्यावरच फुटते, असे त्याला आढळले. १८६७ साली त्याने त्याचे पेटंट घेतले; तेच डायनामाइट. आल्प्स पर्वतातील पंधरा किलोमीटर लांबीचा सेंट गॉथार्ड रेल्वे-बोगदा १८७२ ते १८८२ या दहा वर्षांत त्याच्या बळावर खोदला गेला. आपल्या बोरघाटातून आगगाडी गेली ती १८६३ साली, म्हणजे डायनामाइटच्या आधी. तेथील कातळ साध्या सुरुंगाच्या दारूने आणि माणसांच्या हातांनी फोडलेला आहे. पुण्याला जाताना खिडकीतून त्या बोगद्यांकडे पाहिले की आम्हांला ही तुलना हटकून आठवते.

जे खडकाला लागू पडले ते माणसालाही लागू पडले. नायट्रोग्लिसरीन घालून केलेली कॉर्डाइट नावाची दारू ब्रिटिश तोफा-बंदुकांत आली. तिचा एक कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे निलगिरीतील अरुवंकाडू येथेही निघाला. परिणाम असा झाला की साबणाचा कारखाना ही युद्धोपयोगी गोष्ट बनली. पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकेबंदी झाली, तेल-चरबी येईना, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी साखर आंबवून, त्यात सल्फाइट घालून, मद्याऐवजी ग्लिसरीन मिळवण्याची युक्ती काढली आणि महिन्याला हजार टनांपर्यंत उत्पादन नेले. लोक साखरेला मोताद झालेले असताना साखर दारूगोळ्यात जात होती! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत १९४२ पासून गृहिणींनी तळणीतून उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे नेऊन द्यावी अशी मोहीम निघाली. पत्रकांत स्पष्ट लिहिलेले असे की या चरबीतून ग्लिसरीन निघते आणि ग्लिसरीनमधून बाँब. रविवारच्या जेवणाचे तूप दूरच्या कोणाच्या तरी छपरावर पडणार, हे त्या मातांना सांगूनच ती चरबी मागितली जात होती.

इतिहासाची एक गंमत अशी की याच स्फोटक द्रवाने असंख्य हृदये चालू ठेवली. सोब्रेरोला जी डोकेदुखी झाली ती रक्तवाहिन्या एकाएकी सैल झाल्यामुळे. विल्यम मरेल या इंग्रज वैद्याने १८७९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हृदयशूलावर नायट्रोग्लिसरीनचा अगदी सूक्ष्म मात्रेत उपयोग होतो असे लिहिले. १८९६ साली खुद्द नोबेलला हृदयविकारासाठी डॉक्टरांनी तेच औषध सांगितले. त्याने मित्राला पत्र लिहून दैवाच्या या थट्टेबद्दल नवल व्यक्त केले आणि औषधविक्याने व लोकांनी घाबरू नये म्हणून त्याला ‘ट्रायनायट्रिन’ असे नाव दिले जाते, हेही कळवले. त्याच वर्षी १० डिसेंबरला तो वारला. औषध नेमके कसे काम करते हे कळायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्याबद्दल तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिकच मिळाले. आजही जिभेखाली ठेवायची ती बारीक गोळी कित्येक घरांत उशाशी असते.

नावे बदलून वस्तू सौम्य करता येते, तशी नावाआड वस्तू लपवताही येते. १८५६ साली वुर्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ग्लिसरीनच्या जवळचा एक पदार्थ तयार केला आणि ग्लिसरीन व अल्कोहोल या दोन नावांच्या जोडणीतून त्याला ‘ग्लायकोल’ म्हटले. या ग्लायकोल कुटुंबातील डायएथिलिन ग्लायकोल हा पदार्थ ब्रेकचे तेल, राळ इत्यादी कारखानी कामांत लागतो. तो ग्लिसरीनसारखाच रंगहीन, दाटसर आणि गोड असतो. ग्लिसरीनपेक्षा तो स्वस्त असतो. पोटात गेला तर मूत्रपिंडे निकामी करतो. दोन बाट्या शेजारी ठेवल्या तर डोळ्याला फरक दिसत नाही, जिभेला जाणवत नाही. अमेरिकेत १९३७ साली एका कंपनीने सल्फा औषध मुलांना घेता यावे म्हणून या ग्लायकोलमध्ये विरघळवून, रासबेरीचा स्वाद घालून विकले. शंभरहून अधिक माणसे मेली, त्यांत बरीच मुले होती. त्या वेळच्या कायद्यात विषारी औषध विकणे हा गुन्हाच नव्हता. कंपनीला पकडता आले ते एवढ्यावर की बाटलीवर ‘एलिक्झिर’ लिहिले होते आणि त्या शब्दाप्रमाणे आत मद्यार्क असायला हवा होता, तो नव्हता. माणसे मारल्याबद्दल नव्हे, शब्द चुकीचा वापरल्याबद्दल खटला! १९३८ साली तेथे नवा कायदा आला.

आता मुंबईकडे. मेंदूला किंवा डोळ्याच्या आतील भागाला सूज येऊन दाब वाढला असेल तर तो उतरवण्यासाठी रुग्णाला ग्लिसरीन पाजण्याची पद्धत होती. ओलावा ओढण्याचा त्याचा गुण येथेही कामी येतो. सर ज. जी. रुग्णालयात १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत असे ग्लिसरीन घेतलेले रुग्ण, ज्यांचा मूळ आजार मूत्रपिंडाचा नव्हताच, लघवी बंद होऊन दगावू लागले. चौदा जण गेले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकोल मिसळलेले होते. चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला आणि त्यांनी १९८७ साली दिलेला अहवाल महाराष्ट्रात गाजला. रुग्णालयाची खरेदी, औषध-नियंत्रण खात्याची तपासणी, वरच्या पातळीवरील हस्तक्षेप आणि भ्रष्टाचार, यांपैकी कशाचीही गय त्या अहवालाने केली नाही. आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले.

आमच्या समाजातील अनेक मुली परिचारिका म्हणून मुंबईच्या रुग्णालयांत सेवा करतात. ज. जी. प्रकरणाचा विचार करताना आमच्या डोळ्यांसमोर मंत्री किंवा ठेकेदार येत नाही. चमच्यात ग्लिसरीन ओतून रुग्णाच्या ओठांशी नेणारी परिचारिका येते. बाटलीवर ग्लिसरीन असे लिहिले आहे, द्रव दाट आणि स्वच्छ आहे, चव गोड आहे. आणखी काय पाहायला हवे होते तिने? ते पाहणे दुसऱ्या कोणाचे तरी काम होते, त्याला त्यासाठी पगार मिळत होता आणि ती तपासणी काही अवघड नव्हती.

मुंबईचा हा धडा जगाने घेतला नाही. १९९५-९६ साली हैती या देशात तापाचे औषध प्यालेली ऐंशीहून अधिक मुले अशीच मेली. औषधात वापरलेल्या ग्लिसरीनच्या पिंपांवर शुद्धतेची ग्वाही होती, प्रत्यक्षात सुमारे चोवीस टक्के डायएथिलिन ग्लायकोल होते. ती पिंपे चीनमधून निघून युरोपातील व्यापाऱ्यांच्या हातून फिरत आली होती. प्रत्येक हाताने कागद पुढे सरकवला, पिंप कोणी उघडले नाही. २००६ साली पनामात पुन्हा तेच. त्या देशाच्या सरकारी आरोग्य-संस्थेतच खोकल्याचे औषध बनवले गेले आणि शंभराच्या आसपास माणसे दगावली. त्या पिंपांच्या मूळ कागदांवर ‘टीडी ग्लिसरीन’ असे लिहिले होते. ही दोन अक्षरे ‘बदली’ या अर्थाच्या चिनी शब्दाची. म्हणजे ग्लिसरीन नव्हे, ग्लिसरीनऐवजीचे काहीतरी! चीन ते पनामा या वाटेवर एकानेही, टीडी म्हणजे काय हो, असे विचारले नाही. त्यानंतर अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २००७ साली ग्लिसरीनच्या प्रत्येक पिंपाची या विषासाठी चाचणी करावी, असे उत्पादकांना बजावले, ०.१ टक्का ही मर्यादा आज प्रमाण मानली जाते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गॅम्बियातील सुमारे सत्तर बालकांच्या मृत्यूंच्या संदर्भात चार औषधांविषयी इशारा दिला. ती औषधे भारतात बनलेली होती. आपल्या सरकारने आक्षेप घेतले, वाद झाला. तरी १ जून २०२३ पासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या औषधाची निर्यातीपूर्वी सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांना तो नियम नव्हता. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. त्यांपैकी कित्येकांना आईबापांनी धावपळ करून आपल्या नागपूरला आणले होते. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकोल सापडले. म्हणजे बाटलीतला जवळजवळ अर्धा भाग.

त्या ऑक्टोबरात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्रक काढले : दोन वर्षांखालील बालकांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा सुचवली जात नाहीत, आणि त्यांपुढेही डॉक्टरांनी नीट तपासल्यावर, थोड्या मात्रेत, थोडे दिवस द्यावीत. बहुतेक मुलांचा खोकला पाणी, विश्रांती आणि उबेने आपोआप बरा होतो, असेही त्यात होते. आम्ही ते पत्रक रविवारच्या मिस्सानंतर वाचून दाखवले आणि मंदिराच्या दाराशी लावले. ज्या घरांत तान्ही मुले आहेत त्यांनी कपाटातल्या जुन्या बाटल्या काढून त्यांवरील तारीख आणि घटक वाचावेत, आणि शंका वाटली तर ती बाटली औषधविक्याकडे घेऊन जावी. थंडीसाठी ठेवलेली ग्लिसरीनची बाटली त्वचेपुरतीच वापरावी. घरच्या घरी कोणाला पाजू नये.